बाबा घर पाहायला गेले

नागपूरला नाट्यशिक्षणाचा अभ्यासक्रम संपत आला, तेव्हा आमच्या वर्गाला परीक्षेपेक्षा एकच चिंता जास्त होती: आता आपल्याला काम कोण देणार? मुलं फोटो काढून मुंबईला जायच्या गोष्टी करत. फोटोत सगळे गालाला हात लावून बसलेले. वर्गातल्या साऱ्यांच्या दाढा एकदम दुखायला लागल्या असाव्यात. आम्हा मुलींची सारी भिस्त मात्र झाडीपट्टीतल्या एका माणसावर होती. तिकडे, पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात. त्या नाटक कंपन्यांना नट-नट्या मिळवून द्यायचं काम तो करी. आमच्या शेवटच्या नाटकाला तो पहिल्या रांगेत येऊन बसला. त्याने एकदा पसंत केलं की होळीपर्यंत कामाला तोटा नसे.

त्याने मला पसंत केलं! मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, तोच म्हणाला, "बाई, बापानं हो म्हटल्याबिगर मी पोरगी नेत नाई. दिवाळीपर्यंत सांगजो, नाईतर मी दुसरी पाहीन."

माझे बाबा सिंदीचे शेतकरी. नाटक पाहायला दूरदूरच्या गावी गाडी जुंपून जाणारे, पण घरच्या पोरीने नाटकात जायचं म्हटल्यावर ठार बहिरे झाले. मी रुसून बसले. आईने माझ्या वतीने भांडी आपटली. दिवाळी अगदी तोंडावर आली, तेव्हा कुठे बाबा बोलले, "पोरगी द्याची त घर पाहा लागते. मी पाहून येतो."

सोयरिकीआधी मुलीच्या बापाने मुलाचं घर पाहायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात बाबांची पद्धत अशी, की आपण कोण हे आधी सांगायचं नाही. विहिरीचं पाणी प्यायचं, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या आणि गोठा बघायचा. गोठा स्वच्छ असला की माणसं बरी, हा त्यांचा सिद्धान्त. माझ्या बहिणीचं घर त्यांनी असंच निवडलं होतं. आता ते एका नाटकवाल्याचा गोठा पाहायला निघाले. हसावं की रडावं मला कळेना. त्याच्याकडे गोठाच नसला तर माझं कसं व्हायचं, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला.

संध्याकाळी परतायचे ते बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. डोळे लाल, आवाज बसलेला. पाटावर बसले, पाणी प्यायले.

"काऊन हो, काय झालं?" आईने विचारलं.

"काई नाई."

मी तांब्या उचलायला वाकले आणि त्यांच्या कानामागे मला पांढरा पट्टा दिसला. नवखा माणूस रंग पुसताना कान विसरतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"बाबा, तुमी तोंडाले रंग लावला?"

बाबांनी आधी कान झाकला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्या दिवशी तिकडे जवळच्या गावात हंगामाआधीचंच एक नाटक होतं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट तापाने पडलेला, त्याच्या जागी बाहेरगावाहून दुसरा यायचा होता. बाबा त्या नाटकवाल्याच्या अंगणात शिरले, तर त्यांचं धोतर आणि झुपकेदार मिशा बघून घरच्यांना वाटलं, आला तो! "या काका, उशीर केला," म्हणत त्यांना जेवू घातलं आणि गाडीत बसवलं. आपण कोण हे सांगायचं नाही, ही रीत. म्हणून बाबा गप्प. तोंडाला रंग लागला तरी गप्प. काम होतं मुलीच्या बापाचं. पडद्याआडून सांगतील तसं बोलायचं, आणि शेवटी "माझी पोरगी मी देणार नाही" म्हणून गरजायचं.

"ते त मले येतेच," बाबा म्हणाले.

आई पदर तोंडाशी धरून हसत सुटली. मला मात्र हसू येईना.

"मंग? त्याले काय सांगतलं तुमी?"

"रंग पुसताना सांगतलं मी कोन हाओ ते. बिचारा पायाच पडला. म्या म्हटलं, येईन पोरीले घेऊन."

"अन् गोठा?" आईने विचारलं.

"गोठा पाहाचा राहूनच गेला."

"मंग हो कसं म्हटलं?"

बाबांनी कानामागे बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला रंग बघत राहिले.

"लोकायनं लय टाळ्या वाजवल्या. जलमात कोनी माह्यासाठी टाळी नाई वाजवली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता इले मी कोन्या तोंडानं नाई म्हनू?"