आमच्या पार्सल कंपनीचे शेअरहोल्डर

नफ्यातल्या कंपनीत किस्से घडत नाहीत. तिथं सगळे वेळेवर येतात, वेळेवर जातात आणि शेअरहोल्डर लोक घरी बसून खूश असतात. किस्से साठतात ते तोट्यातल्या कंपनीत! आमच्या 'सांगावा पार्सल'मध्ये ते इतके साठलेत, की गोडाऊनमध्ये पार्सलपेक्षा तेच जास्त जागा खातील.

माझ्या कार्डावर 'इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसर' असं छापलंय. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात नाशिकला अंबडच्या गोडाऊनमागे एक केबिन, एक टेबल आणि एक फोन. आमची कंपनी काही शेअर बाजारात नाही. मालक भामरे साहेब मूळचे सटाण्याकडचे. त्यांनी सुरुवातीला ओळखीपाळखीच्या लोकांना भागीदार करून घेतलं. कुणी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेलं, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. पुढे एका मोठ्या ऑनलाइनवाल्यांनी आमच्याकडचं काम काढून घेतलं, स्वतःच्या गाड्या आणल्या, आणि आमची घसरगुंडी सुरू झाली. नेमकी त्याच सुमारास मी नोकरीला लागले. म्हणजे माझं काम काय, तर शेअरहोल्डरांचा राग ऐकून घेणं!

पहिल्या दिवशी पहिला फोन आला तो देवळाली कॅम्पमधून. सुभेदार पवार, तोफखान्यातून निवृत्त. आयुष्यभर तोफांच्या शेजारी उभं राहिल्यामुळे कानानं कमी ऐकू येतं, म्हणून बोलणं सगळं मैदानावरचं. मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"तुम्हीच का त्या नवीन रिलेशन्सवाल्या?"

"हो सर."

"मग आधी रिलेशन ठरवा! ताई म्हणू का वहिनी?"

मी म्हटलं, ताई म्हणा. तेव्हापासून मी अख्ख्या कंपनीची ताई झाले. भामरे साहेबसुद्धा ताईच म्हणतात.

०

त्या वर्षीची वार्षिक सभा मी विसरणार नाही. भामरे साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "यंदा तोटा आहे. लाभांश देता येणार नाही. पुढचंही काही खरं नाही." साहेबांच्या कपाळावर घाम. मी मागच्या खुर्चीत बसून देवाचं नाव घेत होते.

सुभेदार उठले. सगळ्यांना वाटलं, आता तोफ डागणार.

"साहेब, माझी एक तक्रार आहे."

"बोला."

"मागच्या सभेला गरम बटाटेवडा होता. यंदा नुसती बिस्किटं. कंपनी इतकी खाली गेलीय, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

हॉल हसायला लागला तो थांबेचना. साहेबही हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं. नंतर मला म्हणाले, "ताई, मी राजीनामा खिशात घालून आलो होतो हो."

०

सुमनताई गायकवाड नाशिकरोडला राहतात. सरकारी कचेरीत क्लार्क होत्या, निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून थोडे आमच्याकडे गुंतवले. त्यांचं म्हणणं असं, की आपला पैसा जिथं आहे तिथं आपली नजर पाहिजे. दुसरं कुणी असतं तर हिशेब मागवले असते. सुमनताईंनी काय करावं? स्वतःच स्वतःला पार्सल पाठवलं! गंगापूर रोडच्या आमच्या काउंटरवर जाऊन चिवड्याचा डबा दिला, पत्ता स्वतःच्याच घराचा लिहिला आणि बसनं घरी जाऊन वाट बघत बसल्या.

शहरातल्या शहरात पार्सल. पण त्या आठवड्यात आमची एक गाडी गॅरेजमध्ये होती. डबा पोचायला चांगलाच उशीर झाला, आणि पोचला तोही एका कोपऱ्यात चेपलेला. आमच्याकडे नियम असा, की उशीर झाला तर पाठवणाऱ्याला फोन करून माफी मागायची. मी फोन लावला. पार्सल कुणाचं ते बघितलंच नव्हतं.

"नमस्कार, सांगावातून बोलतेय. आपलं पार्सल उशिरा पोचलं, त्याबद्दल मनापासून सॉरी."

पलीकडून शांत आवाज आला, "पाठवणारी मी सुमन गायकवाड. मी तुम्हाला माफ केलं. पण ज्यांना पार्सल मिळालं त्या बाई जाम चिडल्यात! थांबा, त्यांना फोन देते."

आणि त्याच फोनवर पुढची दहा मिनिटं माझी अशी काही बिनपाण्याची झाली, की काय सांगू! शेवटी मात्र म्हणाल्या, "चिवडा चांगला आहे गं. रविवारी ये खायला." मी गेले. तेव्हापासून जातेच आहे.

०

मग आली ती दिवाळी. पगार लांबले म्हणून तीन ड्रायव्हर सोडून गेले होते. त्यांचा दोष नाही, घर सगळ्यांनाच असतं. गोडाऊनमध्ये फराळाची, कपड्यांची, फटाके सोडून सगळ्या गोष्टींची पार्सलं छतापर्यंत गेलेली. मलाही दुसऱ्या एका ऑफिसात बोलावणं आलं होतं. मुलगी कॉलेजला, घरात कमावणारी मी एकटी. मनात म्हटलं, दिवाळी झाली की आपणही निघायचं.

शेअरहोल्डरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुमनताईंनी एकच ओळ टाकली, "आपल्या गोडाऊनमध्ये लोकांची दिवाळी अडकली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायला आले, तर बाहेर सुभेदार! सोबत कॅम्पातले त्यांचे निवृत्त दोस्त, सगळ्यांच्या पायात पॉलिश केलेले बूट. दोघांकडे स्वतःच्या गाड्या, बाकीच्यांकडे स्कूटर.

"ताई, ऑर्डर द्या!"

मी काय ऑर्डर देणार? त्यांनीच गोडाऊनचे भाग पाडले. "सिडको इकडं! पंचवटी तिकडं! सातपूर, लोड!" आवाज असा, की शेजारच्या कारखान्यातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. सुमनताई खुर्ची टाकून पत्ते वाचून दाखवत होत्या. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली.

संध्याकाळी इंदिरानगरमधून एका बाईंचा फोन. मला वाटलं तक्रार. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा कुरिअरवाला पार्सल देऊन कडक सॅल्यूट ठोकून गेला! आमच्या सासऱ्यांनी पण उठून ठोकला!"

सुभेदार परत आले ते एक नोट नाचवतच.

"ताई, एका साहेबांनी दिवाळी म्हणून हातात ठेवली. मी नको नको म्हणालो, ऐकेनातच! मग घेतली." नोट त्यांनी उजेडात धरून बघितली. "शेअर घेतल्यापासून या कंपनीकडून मिळालेला हा पहिला डिव्हिडंड!"

मी त्या दुसऱ्या ऑफिसला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

०

तरी गणित जमत नव्हतंच. सगळ्यात तोट्याचा रस्ता सुरगाण्याचा. घाटाचा रस्ता, डिझेल भरमसाट आणि पार्सलं थोडी. त्यातही कोण पाठवणार? द्राक्षाच्या मळ्यांवर नाहीतर बांधकामावर कामाला आलेली माणसं गावाकडे आईला औषध पाठवणार, पोरांना स्वेटर पाठवणार. साहेबांनी ठरवलं, ही गाडी बंद करायची. पण सुरगाण्यात आमचे एक शेअरहोल्डर आहेत, गावितभाऊ. स्टँडजवळ त्यांचं हॉटेल आहे आणि पार्सलं उतरतात ती तिथंच. साहेब म्हणाले, त्यांना फोनवर नको, तोंडावर सांगू. मलाही सोबत नेलं.

जाताना रस्ताभर साहेब भाषणाची प्रॅक्टिस करत होते. "गावितभाऊ, परिस्थिती अशी आहे की..." तिथं पोचलो, तर गावितभाऊंनी आधी पानं वाढली. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं. पोट भरल्यावर साहेबांच्या तोंडून भाषण निघेना. कसंबसं म्हणाले, "भाऊ, गाडी बंद करावी लागतेय."

गावितभाऊ म्हणाले, "करा की बंद. गाडीला काय नाय. पण पार्सल कशाला बंद करता? जीपा तर रोजच चालल्यात नाशिकला. माणसांच्या शेजारी चार पिशव्या बसतील. जीपवाल्यांशी मी बोलतो."

इतकं सोपं! परत येताना साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, डोळे भरून आलेत.

एकदम म्हणाले, "ताई, आमची मंडळी महिनाभर हेच सांगत होती हो."

"मग ऐकलं का नाही?"

"तिच्याकडे शेअर नाहीत ना!"

०

मागच्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घ्यायची तयारी दाखवली. भाव चांगला देत होते. अट एकच, डोंगरातले रस्ते बंद. सभा बोलावली. निकम वकील उठून स्पष्ट बोलले, "भावना बाजूला ठेवा. माझ्या मुलीचं लग्न आहे, मला पैसा मोकळा हवाय. यात लाजण्यासारखं काय आहे?" खरंच काही नव्हतं. कुणी त्यांना वाकडं बोललं नाही. सुमनताई एवढंच म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण मी आयुष्यभर लोकांना 'उद्या या' म्हणायची नोकरी केली. आता कुठं घरपोच काही देणाऱ्यांत माझं नाव आहे. ते मला विकायचं नाही."

साहेबांनी विचारलं, "विक्रीच्या बाजूनं कोण? हात वर करा."

काही हात वर गेले. आणि पहिल्या रांगेत सगळ्यात उंच हात सुभेदारांचा!

सुमनताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात सुभेदारांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मालतीकाकूंनी त्यांचा हात खस्सकन खाली ओढला आणि कानाशी ओरडल्या, "अहो, चहा कुणाला हवा ते नाही विचारत!"

विक्री झाली नाही. निकम वकिलांची अडचण होती, म्हणून बाकीच्यांनी मिळून त्यांचे शेअर घेतले. एक सोडून. तो त्यांनी स्वतःकडेच ठेवला. म्हणाले, "एक राहू दे. नाहीतर सभेला येऊन भांडू कोणत्या हक्कानं?"

आज कंपनी धावतेय असं मी म्हणणार नाही, पण चालतेय. पगार वेळेवर होतात. सोडून गेलेल्यांपैकी दोन ड्रायव्हर परत आले. माझी मुलगी शिकून नोकरीला लागली, तिच्या पेढ्यांचे डबे सगळ्या शेअरहोल्डरांच्या घरी आमच्याच गाडीतून गेले, आणि एकही चेपला नाही. लोक विचारतात, अशा कंपनीत अजून कशाला राहिलीस? मी म्हणते, मला राग ऐकायचा पगार मिळतो, पण राग करतंय कोण? या माणसांनी मला जे दिलं ते कुठल्या पगारात बसत नाही.

०

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा त्या विक्रीच्या सभेच्या थोडा आधीचा. पुण्याच्या कंपनीनं आमची तपासणी करायला श्रेयस नावाचा त्यांचा अधिकारी पाठवला होता. हुशार, अबोल, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर सतत लॅपटॉप. म्हणाला, "मला तो सुरगाण्याचा रूट बघायचाय. बंद करण्याआधी एकदा बघून घेतो."

आम्ही जीपनं गेलो. एका पाड्यावर चंद्राबाई नावाच्या म्हाताऱ्या आजींचं पार्सल होतं. मुलानं नाशिकहून गुडघ्याचं औषध पाठवलं होतं. मुलगा म्हसरूळकडे एका बिल्डिंगच्या कामावर, आणि त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. आजींनी औषध घेतलं, आत गेल्या आणि टोपली घेऊन आल्या. टोपलीत जिवंत गावठी कोंबडी!

"सुनेला रस्सा लागंल. पोचती करा."

मी म्हटलं, "आजी, जिवंत जनावर पार्सलमध्ये चालत नाही. नियम आहे."

आजींनी माझ्याकडे बघितलं, मग श्रेयसकडे बघितलं.

"मंग ह्यो रिकामाच चाललाय ना?"

आजींनी टोपली त्याच्या मांडीवर ठेवून दिली. लॅपटॉप माझ्याकडे आला. पूर्ण रस्ताभर तो एका हातानं टोपलीवरचं फडकं दाबून बसला होता. दिंडोरीला जीप थांबली तेव्हा चहाला उतरला नाही. खिडकीतून मला म्हणाला, "मॅडम, हिला पाणी मिळेल का?"

म्हसरूळला उतरलो, तेव्हा दिवस मावळत होता. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमागे पत्र्याच्या खोल्या. विचारत विचारत आम्ही दारापाशी पोचलो. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. श्रेयसनं शर्टावरचं पीस झटकलं, टोपली नीट धरली आणि कडी वाजवणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून त्याचे साहेब. हात मोकळा नव्हता, म्हणून मीच स्पीकरवर टाकला.

"श्रेयस, काय रे, बघितलंस का सगळं? आहे का काही त्या कंपनीत? आताच्या आता सांग, इकडे मीटिंग चालू आहे."

"सर, पाच मिनिटांनी फोन करतो," श्रेयस म्हणाला. "आत्ता मी डिलिव्हरीवर आहे."