अनुभवाचा रकाना

शनिवारी दुपारी अडीच वाजता पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद टाइम ऑफिसच्या काचेला आतून चिकटवायचा, हे फाउंड्रीतलं माझं पहिलं काम. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर मला तिथं हंगामी क्लार्क म्हणून घेतलं होतं. गडमुडशिंगीतून सायकलनं निघालो की अर्ध्या तासात मी गेटवर असायचो. टाय नव्हता, पण शर्ट पांढरा असायचा, आणि आमच्या गल्लीत पांढरा शर्ट घालून कारखान्यात जाणारा मी पहिलाच होतो.

कागद लावायचो मी, लिहायचे मात्र आमचे हेड टाइमकीपर. शिसपेन्सिलीनं लिहायचे आणि खोडरबर शर्टाच्या खिशातच ठेवायचे, कारण कागद लागल्या लागल्या खिडकीशी माणसं जमायची. "साहेब, बुधवारी शेतावर पाण्याची पाळी हाय, मला दुपारची शिफ्ट कशी चालंल?" "साहेब, म्हस व्यायला झालीया." साहेब कुरकुरायचे, दोन शिव्या द्यायचे आणि खोडून बदलून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या डब्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण स्वतः मागून खायचे.

पण त्या कागदाच्या तळाला तेरा नावं अशी होती, की ती खोडली जायची नाहीत. तिसरी पाळी, नॉकआउट. तप्त ओतीव माल साच्यातून सुटा करायचा, भोवतीची जळकी वाळू घणानं फोडायची, असं ते काम. नाकावर फडकं बांधलं तरी थुंकी काळी पडायची. बाकीच्या हेल्परांच्या पाळ्या आठवड्याला फिरायच्या, या तेरांच्या फिरत नव्हत्या. तेराही जण आसपासच्या गावांतल्या बौद्ध वस्तीतले. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी बोलूनही दाखवत नव्हतं. विचारलं तर साहेब म्हणायचे, "त्यांना शेती न्हाय, म्हसरं न्हाईत. दिवसा घरी बसून त्यांनी करायचं काय?"

त्या तेरांत माझा सख्खा मामा होता.

मला चिकटवण्यासाठी त्यानंच मुकादमाला गळ घातली होती. गेटवर मात्र तो मला ओळख दाखवायचा नाही. "तू हापिसातला हायस. आमच्यात मिसळलास तर तुलाबी नॉकआउटला टाकतील," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. हसता हसता खोकायचा. मी त्याचं नाव दर शनिवारी काचेला चिकटवत होतो, अशी अकरा वर्षं.

दोन हजार साल उलटल्यावर मालकांनी पुण्याहून नवीन मॅनेजर आणला. त्याला शिसपेन्सिलीचा कागद बघवेना. महिन्याभरात टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आला, मागोमाग पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला आलेला इंजिनिअर तीन दिवस राहिला. हेड टाइमकीपरना माऊस धरता येईना, आणि मी राजारामपुरीत संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास केलेला होता. त्यामुळे सगळं माझ्याकडं आलं.

टोकन नंबर, खातं, साप्ताहिक सुट्टी, पाळी फिरती की कायम, एवढं भरलं की बटण दाबायचं. चारशे माणसांचा आठवडा प्रिंटरमधून करकरत बाहेर पडायचा. इंजिनिअर म्हणाला, "फिरती टाकलंत तर सगळ्यांना सारखी वाटणी होते. माणसाला जमत नाही ते हे करतं." ते वाक्य मी घरी जाताना सायकलवर स्वतःशीच तीनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या हेल्परांच्या नंबरापुढं 'फिरती' भरलं, एकूण एकाच्या. कुणाला विचारलं नाही. नॉकआउटसुद्धा फिरतं केलं.

त्या शनिवारी काचेपाशी मामा उभा होता. सवयीनं त्यानं तळाकडून नाव शोधायला सुरुवात केली. तिथं सापडलं नाही म्हणून घाबरला, कामावरून काढलं की काय असं त्याला वाटलं. मग वर सापडलं. पहिली पाळी, कोअर शॉप, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करायचं खातं. त्यानं खिडकीत तोंड घातलं.

"भाच्या, ह्ये खरं हाय?"

"खरं हाय, मामा."

"कॉम्प्युटरला आपलं आडनाव वाचता येत न्हाय व्हय रं?"

"त्यो फक्त टोकन नंबर बघतोय."

मामा मोठ्यानं हसला. गेटवर माझ्याशी तो पहिल्यांदाच सगळ्यांदेखत बोलला होता.

पुढचे तीन आठवडे मामी सांगायची ते ऐकत राहावं असं होतं. मामा सगळ्यांबरोबर बसून गरम भाकरी खातो. दहावीतल्या लेकीच्या शेजारी बसतो, कळत काही नाही, पण तिचं पुस्तक धरून बसतो. पौर्णिमेला विहारात गेलता, तर म्हाताऱ्या बायकांनी "पावणं, कुठलं?" म्हणून विचारलं. मामी हे सांगून हसायची आणि पदरानं डोळेही पुसायची.

चौथ्या आठवड्यात गाऱ्हाणी सुरू झाली. नॉकआउटला पहिल्यांदाच गेलेली पोरं दोन रात्रींत वैतागली. एकानं घणाचा दांडा पायावर पाडून घेतला. म्हसरांची धार कोण काढणार, उसाला पाणी कोण देणार, असं म्हणत दहा-बारा जण मॅनेजरकडं गेले. त्यांच्या अडचणी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. मॅनेजरनं हेड टाइमकीपरना बोलावलं, माल कमी निघतोय, एवढंच सांगितलं आणि बाकीचं त्यांच्यावर सोडलं.

साहेब येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आवाज चढवला नाही.

"ह्यात अनुभवाचा रकाना हाय न्हवं?"

होता. 'कामाचा अनुभव' असा रकाना होता, मी तो रिकामा सोडला होता.

"मग भर की. नॉकआउटचा अनुभव कुणाला हाय?"

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"मी खोटं लिहायला सांगतोय का? अकरा-अकरा, बारा-बारा वर्षं झाली त्यांना. दुसऱ्या कुणाला हाय एवढा अनुभव? सांग की."

खोटं काहीच नव्हतं. बारा वर्षं एखाद्याला वाळूत उभं करायचं आणि मग त्यालाच त्यातला वाकबगार म्हणायचं, एवढंच होतं. मी म्हणालो, "साहेब, ती माणसं आता कुठं—" तेवढ्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं कायम व्हायचं पत्र मॅनेजरच्या टेबलावर हाय. असल्या येळंला कशाला डोक्यात भरवून घेतोस?"

मी तेरा टोकन नंबर टाइप केले. प्रत्येकापुढं 'नॉकआउट, कुशल'. पाळी: कायम. मामाचा नंबर चौथा होता. तो टाइप करताना मी थांबलो होतो, असं लिहायला बरं वाटेल. पण मी थांबलो नाही. बाकीच्यांएवढाच वेळ लागला.

शनिवारी कागद लागला. मामा आला आणि या वेळी वरून वाचत खाली गेला. खालीच थांबला. पूर्वी अशा वेळी निदान साहेबांशी हुज्जत घालता यायची. आता साहेब कागदाकडं बोट दाखवून म्हणाले, "मी कुठं लिवलंय? कॉम्प्युटरनं काढलंय." छापील अक्षरांशी कोण भांडणार? ती खोडरबरानंही जात नव्हती.

मामा माझ्या खिडकीशी आला.

"ह्ये कुणी भरलं?"

"प्रोग्रामच तसा हाय, मामा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आतल्या त्या पेटीकडं पाहिलं आणि मान हलवली. त्याला ते पटलं. बाहेर बाकीचे बारा जण चिडले होते, त्यांनाही त्यानंच समजावलं. "पोरगं काय करंल? यंत्राचंच तसं हाय." मी काचेच्या आत बसून ते ऐकलं. मला त्या दिवशी कुणी थोबाडीत मारली असती तर मी त्याचे उपकार मानले असते.

पत्र मिळालं. मी कायम झालो. आईनं पेढे वाटले, त्यातला पहिला मामाच्या घरी नेऊन दिला.

मामा आणखी चार वर्षं तिसऱ्या पाळीला जात राहिला. मग दम लागायला लागला, गेटपासून खात्यापर्यंत चालताना दोनदा बसायचा. डॉक्टरनं काम सोडायला सांगितलं आणि त्यानं सोडलं. पुढं हेड टाइमकीपर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसलो. पहिल्याच आठवड्यात मी तो रकाना उघडला आणि पुसला. कुणीही अडवलं नाही, कारण अडवायची गरजच उरली नव्हती. तेरांपैकी नऊ जणांनी काम सोडलेलं होतं, आणि नॉकआउट ठेकेदाराला दिलं होतं. परराज्यातून आणलेली माणसं गेटमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची. त्यांना टोकन नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नावं नव्हती, नुसता आकडा यायचा: तिसरी पाळी, चौदा.

त्याच रविवारी मी मामाकडं गेलो. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. मामी चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. रकाना, पत्र, तेरा नंबर, खिडकीतलं खोटं. मला वाटलं होतं, तो शिव्या देईल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे. या दोन्हींची तयारी करून मी गेलो होतो.

त्यानं आधी श्वास जुळवला. मग म्हणाला, "तू सांगायला नको हुतंस."

"मामा, मला राहवंना—"

"तुला राहवंना म्हणून सांगितलंस. माझ्यासाठी न्हवं." त्याला पुन्हा दम लागला. "मी इतकी वर्षं त्या यंत्राला शिव्या घालत हुतो. त्येचं काय वाईट वाटत न्हवतं. आता काय करू? बहिणीच्या लेकाला शिव्या घालू?"

मामी चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी प्याला. मामानं मला ऊस कसा आहे, पाऊस कसा आहे, असं विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं. त्यानंतर तो दीड वर्ष जगला. मी जात राहिलो, प्रत्येक वेळी चहा मिळाला. लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यानं माझ्या घरी पोस्टानं पाठवली. आमच्या दोन घरांमध्ये सहा मिनिटांचं अंतर होतं.