घाऱ्या डोळ्यांची रायेन

किंचामाली या कुंभारांच्या गावात मडकी भाजताना फाटक लावून घेतात. परसात शेणाच्या गोवऱ्यांचा आर पेटला की परक्या माणसाने आत डोकावू नये, आणि डोकावलंच तर कौतुक करू नये. दृष्ट लागली की माती तडकते, असं एर्सिलियाबाईंना आईने सांगितलं होतं, आईला आजीने. नवरा गेला, मुलगे शहरात गेले, तरी त्या बंद फाटकाआड धुराने काळ्या केलेल्या मातीच्या गिटारवाल्या बायका आणि ढेरपोटी डुकरं घडवत राहिल्या. हाताखाली शिकायला मात्र कुणी आलं नाही.

म्हणून जानेवारीच्या सुट्टीत शाळेने मोठ्या मुलामुलींसाठी मातीकामाचं शिबिर काढलं, तेव्हा त्या लगेच तयार झाल्या. शिकवताना बोलत कमी. मुलाच्या हातावर हात ठेवून, भिंत किती पातळ हवी ते त्याच्या बोटांनाच सांगत.

त्या मुलांत रायेन होती. तिने एकदा शेजाऱ्यांच्या वासराला गोंजारलं आणि ते मेलं, तेव्हापासून तिचे घारे डोळे गावात ‘जड’, दृष्ट लावणारे, ठरले होते. बोलताना ती समोरच्याच्या पायांकडे बघायची. माती हातात आली की मात्र तिची मान वर होई, आणि सुरईचा गळा असा सुरेख उतरे की बाई क्षणभर बघतच राहत. ही टिकली तर आपल्यामागे कुणीतरी आहे, असं त्यांच्या मनात येऊ लागलं होतं.

शिबिरातली मडकी बाईंच्याच परसात भाजायची ठरली. त्या दिवशी एका मुलाची आई, ग्लादिस, लवकर येऊन हळूच म्हणाली, “एर्सिलिया, त्या पोरीला आज घरी धाड. वाईट नाही गं ती. पण आमच्या पोरांनी किती खपून केलंय.”

“तिनंही खपूनच केलंय,” बाई म्हणाल्या, आणि रायेन आरापाशी राहिली.

निम्मी मडकी फुटली. रायेनची सुरई धडधाकट निघाली, आणि तेच वाईट झालं. बाईंनी खापर मोडून दाखवलं. रात्री धुकं होतं, माती ओलसर राहिली होती. पालक खोळंबलेत म्हणून आपणच ती पुरती शेकली नाही, असं त्यांनी सांगितलं. सुरईची भिंत सगळ्यांत पातळ, लवकर सुकली, म्हणून ती वाचली. ग्लादिसच्या मुलाने लगेच सुनावलं, “मग जाड मडक्यांकडे बघू नकोस म्हणावं हिला.” सगळे हसले. रायेनने सुरई उंबऱ्यावर ठेवली आणि ती निघून गेली. शिबिराला पुन्हा आली नाही.

शेवटी बाईच तिच्या घरी गेल्या. ती दाराशी मक्याची कणसं सोलत होती.

“मावशी, माझ्यामुळे होतं का ते मला खरंच कळत नाही.”

“मलाही नाही कळत,” बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. “म्हणून तर आले. उद्या माझी गिटारवाली भाजायचीये. ये आणि बघ.”

“फुटली तर?”

“तर फुटेल.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी फाटक उघडं ठेवलं. ही मूर्ती त्यांनी जत्रेसाठी केली होती. इतकी मोठी कधीच केली नव्हती. रायेन आली, पण गुडघ्यांत तोंड खुपसून बसली. जाळ ओसरून आर बसला, मूर्ती निखाऱ्यासारखी लाल झाली, तशी बाईंनी ती लांब काठीने उचलली. आता ती लालबुंद असतानाच पेंढ्यात टाकायची, म्हणजे धूर पिऊन काळी होते. थंडावली तर रंग धरत नाही.

बाई मात्र ती तशीच काठीवर धरून उभ्या राहिल्या.

“डोळे उघड.”

“नको, मावशी.”

“उघड, बाळा.”

त्यांचे हात भरून आले. मूर्तीच्या डोक्यावरची लाली विझत खाली उतरू लागली. आपण हे तिच्यासाठी करतोय की स्वतःच्या भीतीसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग रायेनने मान वर केली आणि मूर्तीकडे नीट, डोळे भरून पाहिलं. तेव्हाच बाईंनी ती पेंढ्यात सोडली.

मूर्ती कुठेही तडकली नाही. घागरा काळाभोर झाला, पण चेहरा आणि गिटार तपकिरीच राहिली. रस्त्याने जाताना थांबलेली ग्लादिस कुंपणावरून म्हणाली, “बघ, काहीतरी झालंच ना?”

“झालं. मी उशीर केला.”

ग्लादिसने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, आणि संध्याकाळी गावभर झाल्यावर इतर कुणालाही पटणार नव्हतं. जत्रेत ही मूर्ती कुणी घेणार नाही, हेही बाईंना कळत होतं. त्यांनी पांढरी माती कालवलेली वाटी रायेनपुढे सरकवली आणि घागऱ्यावर कोरलेल्या रेघा भरायला सांगितल्या. पहिली रेघ कडेबाहेर गेली, ती पोरीने पुसून पुन्हा भरली.