देवकाबाईंचे तीन इंग्रजी शब्द

देवकाबाईंचं घर नाचणगावहून पुलगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. दोन म्हशी, दारात विहीर, पोटी मूलबाळ नाही. घरात घड्याळ नव्हतं, तरी धारेची वेळ कधी चुकली नाही.

१९७६ च्या हिवाळ्यात त्या वर्ध्याच्या कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. गावापासून कोसभर दूर हिरालाल व्यापाऱ्याची कापसाची गंजी जळाली होती. आठवड्यापूर्वी त्याचं आणि देवकाबाईंच्या शेजारच्या हरिदासचं भांडण झालं होतं, म्हणून आळ हरिदासवर. आग लागली तेव्हा हरिदास देवकाबाईंच्या विहिरीवर होता. हे पाहिलेलं माणूस एकच, देवकाबाई.

"किती वाजले होते?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"दिवस कलला होता, साहेब."

"किती वेळ होता तो तिथं?"

"झाला असन बराच वेळ."

वकील जज्जसाहेबांकडे वळून इंग्रजीत काही बोलले. मग पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा बोलताना त्यांनी हात झटकला. तेवढ्यात कोर्ट उठलं. उरलेली उलटतपासणी उद्यावर गेली.

गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे प्रभाकरराव गुरुजी कोर्टात होते. परतीच्या बसमध्ये देवकाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"गुरुजी, त्या वकिलानं मले शिव्या देल्ल्या का?"

"शिव्या नाहीत. आधी व्हेग म्हणाले, मग अँबिग्युअस, आणि शेवटी इव्हेसिव्ह."

"हे कोनत्या कलमात बसते? मले बी आत टाकतीन का?"

गुरुजींनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "व्हेग म्हणजे धुक्यातलं झाड. झाड आहे, पण बाभूळ की कडुनिंब ते कळत नाही. अँबिग्युअस म्हणजे एका बोलण्याचे दोन अर्थ निघणं. दिवस कलला, म्हणजे दोनही आणि चारही. आणि इव्हेसिव्ह म्हणजे..." ते थोडे अडखळले. "अंग चोरून बोलणं. माहीत असून न सांगणं."

पहिले दोन शब्द देवकाबाईंनी ऐकून घेतले. तिसऱ्याला त्यांचा चेहरा उतरला.

"मी चोरून बोलली?"

पुढच्या बाकावरून हरिदासचे वडील भैयाजी वळले. "माय, उद्या साडेतीन सांगून दे ना सरळ. आग तवाच लागलती."

"आन् त्यानं भितीवरचं घड्याळ दाखोलं, इचारलं किती वाजले, तं? तुयाच पोराले गुतवून ठेवन मी."

देवकाबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. "काय बोलू मी?"

"ते मी सांगायचं नसतं. मी फक्त शब्दांचे अर्थ सांगितले."



दुसऱ्या दिवशी देवकाबाई पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आणि वकिलांनी खरंच भिंतीकडे बोट केलं. "बाई, किती वाजले सांगा."

"मले नाई समजत घड्याळ."

मागं कोणी तरी हसलं. समोर हरिदास मान खाली घालून उभा. आता तो शब्द येणार, तिसरा, असं देवकाबाईंना वाटलं.

"मग वेळ कशी सांगता?"

"वेळ नाई सांगत, साहेब. पाह्यलं ते सांगतो. माही बादली विहिरीत पडली होती. हरिदास गळ टाकून काढून राह्यला होता. बादली वर आली आन् भोंगा झाला. तो दचकला, हातचा दोर सुटला, बादली गेली परत खाली."

"कोणता भोंगा?"

"पुलगावच्या कापड गिरणीचा. पह्यली पाळी सुटते तो. मंग साऱ्या सायकली गेल्या माह्या दारावून."

जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. गंजी साडेतीनच्या भोंग्याच्या वेळी पेटली, असं हिरालालच्या गड्यानंच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"हे काल का नाही सांगितलं?" वकील म्हणाले.

"भोंग्याचं का सांगाचं, साहेब? तो तं साऱ्याईलेच आयकू येते."

वकिलांनी कागद चाळले आणि खाली बसले. बाहेर आल्यावर देवकाबाईंनी पायरीवरच बसकण मारली. "गुरुजी, कोनता शब्द बोलला तो आज?"

"एकही नाही."

महिन्याभरानं हरिदास सुटला. भैयाजींनी पेढे आणून दिले. देवकाबाईंची भीती मात्र गेली नाही. पुढं दहा-बारा वर्षं, अगदी शेवटपर्यंत, दुपारचा भोंगा झाला की त्या हातातली धार थांबवायच्या, रस्त्याकडे पाहायच्या आणि कोण कुठं आहे ते पुटपुटायच्या: नत्थूजी बैलबंडीवर, वच्छला पाण्यावर, हरिदास घरीच. न जाणो, कोणी विचारलं तर.