मास्तरांचा नंबर

कात्रीकाकांच्या सलूनमध्ये केस कापायला जेवढी माणसं येत, तेवढीच नुसती टेकायला येत. भिंतीकडेच्या लाकडी बाकावर गावभरच्या उचापती चालत, आणि त्या बाकाच्या दाराकडच्या टोकावर शेजारच्या गल्लीतले शिंपी, म्हणजे टेलर मास्तर, हक्काने बसत. दोघांचंही पोट कात्रीवर आणि दोघांच्या जिभाही कात्रीसारख्याच. मास्तर आले की काका मुद्दाम नळाच्या पाण्याचा विषय काढत. मग अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून भांडणात उतरे.

अशात मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावी बाजू गेली आणि चाकाची खुर्ची नशिबी आली. काका पेटी घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागले. खाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, केस कापायचे आणि दुकानातली बित्तंबातमी तिखटमीठ लावून सांगायची. मास्तर नुसते "हं" म्हणायचे. ते "हं" काकांच्या जिव्हारी लागे. ज्याने जन्मात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही, त्या माणसाने मुकाट ऐकून घ्यावं, हे काही बरं लक्षण नव्हतं.

"मास्तरांना दुकानात आणायलाच हवं," एकदा घरी परतल्यावर ते काकूंना म्हणाले. "नाहीतर तो माणूस त्या खोलीत मिटून जाईल."

बोलणं सोपं होतं. दुकानाला दोन उंच पायऱ्या, आत तिन्ही खुर्च्या फरशीत बोल्टने जखडलेल्या. काकांनी उत्साहाच्या भरात गवंड्याला बोलावून पायऱ्यांवर उतार घालून घेतला. काकूंनी दवाखान्यातून रिकामी चाकाची खुर्ची मागून आणली आणि वर ढकलून पाहिली, तर खुर्चीसकट त्याच मागे आल्या. मास्तरांचे केस कापायचेत की त्यांना घसरगुंडीवर बसवायचंय, असं त्यांनी भर रस्त्यात विचारलं. गवंडी हसला, काका नाही हसले.

उतार फोडून लांबवला. तो नेमका काकांच्या लाडक्या मोटरसायकलच्या जागेवर आला, तशी काकांनी गाडी रस्त्यापलीकडे हलवली. तिथून पुढे सूत्रं काकूंनी हाती घेतली. स्वतः त्या खुर्चीत बसून त्या दुकानभर फिरल्या. आरशाखालच्या फळीवर गुडघे आपटले, तेव्हा फळी कापायला लावली. दाराजवळची खुर्ची उखडली आणि तिथे उचलून बाजूला ठेवता येईल अशी हलकी खुर्ची आणली. त्या जागेचा आरसा खाली घेतला. दुकानाची पार दैना झाली, असं काकू दिवसभर कुरकुरत होत्या आणि आरसा सरळ लागलाय ना, हेही पुन्हा पुन्हा बघत होत्या.

सगळं मनासारखं जमल्यावर काकांनी दिवस ठरवला सोमवार, सलूनच्या सुट्टीचा. गर्दी नको, कुणाचं टक लावून बघणं नको, मास्तरांचं कसं निवांत होऊ दे, असा त्यांचा प्रेमळ हिशेब. मास्तरांच्या सुनेने खुर्ची एका दमात वर आणली. काकांनी जीव ओतून केस कापले. पण मास्तर आरशात स्वतःकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मागच्या रिकाम्या बाकावर खिळली होती. काकांनी कसं वाटतंय विचारलं, आणि उत्तर आलं, "हं."

मानेवरचे केस झटकताना काकांनी हळूच विचारलं, "मास्तर, काही चुकलं का माझं?"

"उतार झकास झालाय," मास्तर म्हणाले. "पण घरी तुम्ही आणि मी, इथेही तुम्ही आणि मीच. केस काय, माझी सूनसुद्धा कापेल. मला त्या बाकावर नंबर लावून बसायचं होतं हो."

दारात उभ्या असलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. उतार मोजला, गुडघे मोजले, आरसा मोजला, आणि ज्याच्यासाठी माणूस इथे यायचा तो बाकच दोघं विसरले होते. काका मनातून फार ओशाळले. संध्याकाळच्या आत त्यांनी सुताराकडून बाकाचं दाराकडचं टोक कापून घेतलं. मास्तरांची खुर्ची वाटेत नको, ओळीत हवी होती.

रविवारी सकाळी दुकान माणसांनी गच्च भरलेलं असताना मास्तर आले आणि आपल्या जुन्या जागी खुर्ची लावून बसले. नळाच्या पाण्यावर तावातावाने बोलणारा किराणावाला अर्ध्यावरच थांबला. दोघंतिघं उठून उभे राहिले. मास्तरांना आधी घ्या, असं कुणीतरी म्हणालं, आणि काकाही भिडेपोटी हलकी खुर्ची बाजूला सरकवायला धावले.

मास्तरांनी उजवा हात वर केला. "बसा सगळे खाली. माझ्या आधी हे दोघं आलेत." मग ते शेजारच्या किराणावाल्याकडे वळले. "आणि तुम्ही मघाशी नळाचं काय सांगत होता? साफ चूक आहे ते."

किराणावाला चवताळला. बाक पेटला. काकांना समोरचं डोकं धूसर दिसू लागलं, तशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"जरा थांबा," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "भांडण ऐकू द्या."