पंच क्रमांक एक

तो पंचनामा माझ्या अक्षरात आहे. पोलिस जमादाराला त्याचं स्वतःचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून त्यानं कागद आणि पॅड माझ्याकडं दिलं. मी ताडकळसच्या बाजूच्या माझ्याच गावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षीचा पावसाळा होता. आमच्या गावातल्या कुणीही ते विद्यापीठ पाहिलेलं नव्हतं. तरी एका दुपारी गावाबाहेरच्या दलित वस्तीतली तीन घरं पेटवली गेली.

मी तेव्हा शाळेत होतो. शाळेच्या खिडकीतून वस्तीकडं जाणारी वाट दिसते. पंधरा-वीस माणसं गेली, त्यात माझा चुलत भाऊ होता. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. तो डबा आमच्याच घरातला, कडीला लाल चिंधी बांधलेला. मी पोरांना दारं लावायला सांगितलं आणि अडीचकीचा पाढा म्हणवून घेतला. पोरं मोठ्यानं म्हणत होती. धूर दिसायला लागला तेव्हा मी त्यांना पहिल्यापासून परत म्हणायला लावलं.

वस्तीतली माणसं वाचली. ती शेजारच्या ज्वारीत जाऊन लपली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिस आले. पंच व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा जमादार शाळेत आला. सरकारी नोकर आहात, नाही म्हणता येणार नाही, म्हणाला. दुसरा पंच म्हणून त्यानं गावातल्या किराणा दुकानदाराला धरलं. आरोपीत माझा भाऊ आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. त्या दुपारी मी काय पाहिलं, हेही विचारलं नाही. जळून काय गेलं तेवढंच लिहायचं होतं.

तिसरं घर विटांचं होतं. घरधनी पूर्णेला रेल्वेत गँगमन होता, आठवड्यातून एकदा यायचा. त्याची बायको दाराच्या जागी उभी राहून एकेक वस्तू सांगत होती आणि मी लिहीत होतो. वरचे पत्रे वाकून खाली आले होते. शिलाई मशीनचं फक्त लोखंड राहिलं होतं. ज्वारीची पोती आतून अजून धुमसत होती, त्यांचा करपट वास माझ्या सदऱ्याला लागला. शेवटी तिनं थोरल्या मुलीचा सातवी पासचा दाखला सांगितला. जमादार म्हणाला, कागदबिगद राहू द्या, मोठ्या वस्तू घ्या. ती जमादाराशी बोललीच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "लिवा गुरुजी. तुमीच दिलता तो दाखला."

मी लिहिलं. खाली सही केली. पंच क्रमांक एक.

काही महिन्यांनी ती मुलीला घेऊन शाळेत आली. मुलीला पूर्णेच्या हायस्कुलात घालायचं होतं, दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे होती. तोवर ती मंडळी पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली होती. मी लगेच प्रत करून दिली आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं : मूळ दाखला घरास आग लागून जळाला. ती ओळ तिनं मुलीकडून वाचून घेतली. मग दोघी बस धरायला गेल्या.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. समन्स आलं त्या दिवशी चुलत्यांनी मला जेवायला बोलावलं. माझे वडील लवकर गेले. चुलत्यांनीच मला वाढवलं, डी.एड.ला घातलं. त्यांनी आवाज चढवला नाही, काही अट घातली नाही. जेवताना भाकरी मोडत एवढंच म्हणाले, "तुला खोटं बोलायचं न्हाई. आठवत न्हाई म्हणायचं." चुलत भाऊ शेजारच्या ताटावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. वहिनीनं मला पुन्हा वरण वाढलं. मी जेवलो.

आरोपींच्या वकिलानं आदल्या दिवशी परभणीत माझी तयारी करून घेतली. अक्षर माझं असल्यामुळं नुसतं आठवत नाही म्हणून चालणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणून ठरलं ते असं, की मी चावडीत बसून जमादारानं सांगितलं तसं लिहिलं, वस्तीत गेलोच नाही. दुकानदाराला फक्त सही करायची होती म्हणून त्याचं काम सोपं होतं. त्यानं माझ्याआधी पिंजऱ्यात जाऊन पाच मिनिटांत उरकलं.

मला शपथ दिली. सरकारी वकिलानं पंचनामा दाखवला. अक्षर माझं आहे का? आहे. सही? माझी. पुढं मी ठरलेलं सांगितलं. वकील कोर्टाला म्हणाला, साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासाची परवानगी असावी. उलटतपासात त्यानं चार-पाच प्रश्न विचारले. "हे खरं नाही, हे खरं नाही," असं मी प्रत्येक वेळी म्हणालो. न्यायाधीश खाली बघून लिहीत होते. वर पंखा आवाज करत होता आणि मी पिंजऱ्याच्या लाकडावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेली अक्षरं वाचत होतो.

ती गँगमनची बायको मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती. नंतर कळलं की तिनं सरकारी वकिलाला शाळेच्या रजिस्टरमधल्या त्या ओळीचं सांगितलं होतं. त्यानं ते काही मागवलं नाही.

सगळे सुटले. निकालात लिहिलं होतं की फिर्यादीकडचे साक्षीदार एकमेकांच्या नात्यातले आहेत, पंच पाठिंबा देत नाहीत, सबब आरोपींना संशयाचा फायदा. मला वाटत होतं खात्याकडून काही विचारणा होईल, एखादी नोटीस तरी. काही आलं नाही. मी शाळेत जात राहिलो. नागरिकशास्त्राच्या तासाला कायद्यापुढं सगळे समान हा धडा यायचा, तो मी शिकवायचो. पोरं प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घ्यायची.

पुढं दोन-तीन वर्षांनी चुलत भावाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तो त्याच सकाळी मोटारसायकलवर पोलिस ठाण्यात गेला आणि जमादाराला मागं बसवून घेऊन आला. हा जमादार नवा होता. भाऊ त्याला सांगत होता की अशानं शेती कशी करायची, कायद्याचा धाक राहिला नाही. पंच म्हणून त्यानं मलाच बोलावलं. मी विहिरीवर गेलो. तुटलेला पाइप, कापलेली वायर, चिखलात उमटलेले पाय, सगळं लिहिलं. पुढं शेजारच्या गावचा एक माणूस मोटारीसकट सापडला. कोर्टात मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा ऐकली तेव्हा त्याची बायको दाराबाहेर खाली बसली. मी तिच्या बाजूनं निघून एस.टी. स्टँडवर गेलो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी नांदेडला जायला पूर्णेच्या फलाटावर बसलो होतो. तीच गँगमनची बायको समोरून आली. केस पांढरे झाले होते, हातात भाजीची पिशवी होती. मला वाटलं ओळख न देता जाईल. ती थांबली, बाकावर थोडं अंतर सोडून बसली. मी मुलीचं विचारलं. ती परभणीला दवाखान्यात नर्स झाल्याचं तिनं सांगितलं. घरधनी रिटायर व्हायला आले होते. गावाकडं कधी आला नाहीत, असं मी म्हणालो, आणि म्हणताना त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला.

"गुरुजी, एक इचारू का? कोर्टाच्या दिशी तुमाला भ्या दावलं होतं का कुणी?"

"नाही," मी म्हणालो.

"मारतो-बिरतो म्हणलं आसंल."

"नाही बाई. कुणी काही म्हणालं नाही."

तिनं मान हलवली. बहुतेक तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की मला कुणीतरी धमकावलं असेल. पुढं तिनं विचारलं, "मंग जजसाहेबानं तुमाला काय केलं? तुमी वस्तीत आलोच न्हाई म्हणले तवा?"

"काही नाही केलं."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग कोर्ट कशाला हाय?" ती म्हणाली. रागानं नाही. दुकान आज उघडं का नाही असं विचारावं तसं. मोटारचोराची गोष्ट जिभेवर आली होती, ती सांगितली नाही.

माझ्या गाडीची घंटा झाली. तिनं पिशवी उचलली, जाते म्हणाली आणि पूल न चढता रूळ ओलांडून क्वार्टरकडं गेली. मी नांदेडला जाऊन पेन्शनच्या कागदांचं काम करून त्याच संध्याकाळी परत आलो. बायकोनं विचारलं कुणी भेटलं का. मी म्हणालो, कुणी नाही.

चुलते आता नाहीत. भाऊ आहे, त्याला एका कानानं ऐकू येत नाही. सणावाराला आम्ही एका पंगतीला बसतो. त्या दुपारचं आमच्यात एकदाही बोलणं झालेलं नाही. मला त्याचा राग येत नाही, स्वतःचाही येत नाही, आणि हे लोकांना सांगितलं तर ते मला फार शांत माणूस समजतील.