स्पीकर चालू ठेवणारे काका

आमच्या समोर मुलींचं हॉस्टेल चालवणारे काका आहेत. लातूरला शिस्त लावायलाच आपला जन्म झाला, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. क्लाससाठी आलेल्या पोरींचे मोबाईल ते पहिल्याच दिवशी कपाटात कोंडतात. "सरकारनं कायदाच करावा, सर. अठराच्या आत मोबाईल बंद! लई वाटोळं व्हायलंय," असं मला सांगताना त्यांचा अंगठा स्वतःच्या मोबाईलवर रील सरकवत असतो.

पोरींच्या घरचे फोन काकांच्याच मोबाईलवर येतात आणि काका ते स्पीकरवरच ठेवतात. "चोरून बोलण्यासारखं काय असतंय?"

काल मी तिथं चहाला बसलो होतो. जळकोटची एक पोरगी सकाळपासून आईशी बोलायचंय म्हणून रडत होती. अखेर आईचा फोन आला.

"जेवलीस का गं?"

"हाव."

"मग आवाज असा का? काय झालं, सांग की."

पोरीनं काकांकडे बघितलं. आईनं आवाज खाली आणला. "बाजूला कुणी हाय का?"

पोरीनं तोंड उघडायच्या आत काकाच मोबाईलवर वाकले.

"कुणी न्हाई, ताई. बोला तुम्ही बिनधास्त."